गोगलगायीची साक्ष

१

टाकीतली थोरली गोगलगाय मेली त्या सकाळी दादांनी वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि डबी सुनेच्या हातात दिली.

"ही आता तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "आणि टाकी संध्याकाळी मासेवाला घेऊन जाईल. सांगून आलोय त्याला."

आत्या तेव्हा सलूनमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसली होती. दादांची ही धाकटी बहीण. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि परीक्षांच्या हॉलमध्ये येरझारा घालून कॉपीबहाद्दर पकडले. आता ती निवृत्त झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. समोरच्यानं नुसती बाही सारखी केली तरी तिला आत चिठ्ठी दिसायची. भावाकडे चार दिवस निवांत राहावं म्हणून आली, तर पहिल्याच सकाळी हे पुढ्यात वाढून ठेवलेलं.

"एक गोगलगाय मेली म्हणून कुणी वस्तरा ठेवतं का रे दादा?"

"गोगलगाय मेली म्हणून नाही. मला आठवत नाही म्हणून."

त्यांनी टाकीकडे बोट केलं. गिऱ्हाइकांच्या बाकासमोर, भिंतीला लागून, दोन हात लांबीची ती टाकी होती. लोक एकमेकांना पाण्यात पाहतात, दादा रोपांना पाण्यात पाहत, आणि तेही मायेनं. लांब पात्यांचं गवत, लाकडाच्या ओंडक्यावर धरलेलं शेवाळ, मधोमध रुंद पानांचं एक झाड, ज्याला सगळे 'तलवार' म्हणत. नंबर लागेपर्यंत लोक त्या बागेत हरवायचे. केस कापायला घाबरणारी पोरंसुद्धा तिथं नाक लावून गप्प व्हायची. आज गवत पिवळं पडलं होतं. तलवारीची जुनी पानं भोकं पडून लोंबत होती आणि नवं पान उमलायच्या आधीच सुरकुतून वाकडं झालं होतं. काचेवर हिरवट थर चढला होता. गप्पी मासे तेवढे काहीच घडलं नसल्यासारखे शेपट्या मिरवत फिरत होते.

"खताची बाटली हल्ली बघता बघता संपते," दादा म्हणाले. "म्हणजे मी घालतो, विसरतो आणि पुन्हा घालतो. जीव लावून वाढवलेलं माझ्याच हातानं मारलं मी. आज रोपं मेली, ठीक आहे. उद्या कुणाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून आपण काय करत होतो तेच विसरलो, तर?"

दादा पाठ वळवून जिन्यानं वर घरात निघून गेले. त्यांची पाठ आत्यानं बऱ्याच वर्षांत इतकी म्हातारी पाहिली नव्हती. हा माणूस वस्तऱ्याशिवाय कसा जगेल, हे तिला कळेना.

तेवढ्यात सुनेनं तिचा दंड धरला आणि बायकांच्या बाजूच्या पडद्यामागे ओढून नेलं.

"आत्या, दादांनी काही केलेलं नाही," ती कुजबुजली. "टाकी मी मारली."

२

सूनबाई सलूनची बायकांची बाजू सांभाळायची. बोलायला फटकळ, मनानं लोणी. सासऱ्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायची आणि दिवसातून चारदा त्यांच्याशी भांडायची.

"कशी मारलीस?" आत्यानं विचारलं.

"खत घालून. दादांच्या नकळत एकेक झाकण घालत होते. झाडं भुकेली वाटली हो मला! बाटली माझ्यामुळे संपत होती."

"मग हे दादाला का नाही सांगितलंस?"

सूनबाईनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. आत्याला परीक्षेचा हॉल आठवला. पेपर अर्धा स्वतःचा आणि अर्धा शेजारच्याचा असला की मुलं अशीच बोटं चाळवतात.

"घालायला कधीपासून लागलीस?"

"झाडं पिवळी पडायला लागली तेव्हापासून."

"म्हणजे झाडं आधी पिवळी पडली आणि खत नंतर घातलंस."

"हो... नाही... म्हणजे असेल तसं."

"असेल तसं नाही. ताप आल्यावर औषध घेतलं, तर ताप औषधानं आला असं कसं म्हणता येईल?" आत्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. मागच्या खेपेला हेच हात बघवत नव्हते. दिवसभर शाम्पू आणि पाणी, त्यामुळे बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त यायचं. आज हात लोण्यासारखे मऊ होते. "हात छान झाले गं!"

"मलम बदललं ना. इतका गुण आलाय म्हणून सांगू! सगळ्या गिऱ्हाइकांना मी तेच घ्यायला सांगते." क्षणभर तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "आत्या, तुम्ही मीच केलं असं दादांना सांगा. तुमचं ऐकतील. मिठाचं मात्र काही बोलू नका."

"कसलं मीठ?"

सूनबाईनं जीभ चावली. पडद्यापलीकडून तिच्या गिऱ्हाइकानं हाक मारली आणि ती सुटल्यासारखी पळाली.

३

सलूनमधला कारागीर काम करताना सतत शीळ घालायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी. पोरगेला होता तेव्हा दादांच्या हाताखाली आला, आता त्याच्याच पोरी कॉलेजात होत्या. आज त्याची शीळ बंद होती. आत्या त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली तशी त्यानं सवयीनं तिच्या गळ्याभोवती कापड टाकलं.

"केस नाही कापायचे. मीठ दाखव."

शिट्टीच्या हातातला कंगवा पडला. "वहिनी बोलल्या?"

"अर्धंच बोलली. उरलेलं तू बोल."

"आत्याबाई, मिठाचं सोडा. टाकी माझ्यामुळे मेली." शिट्टीनं एका दमात सांगून टाकलं. "हल्ली साबणाचा फेस जाता जात नाही. कितीही धुवा, हात आपले बुळबुळीतच. तसाच हात मी एकदा टाकीत घातला, पडलेलं पान काढायला. साबण गेला पाण्यात, संपलं!"

"आणि खत?"

"ते... झाडं वाळत होती म्हणून मीही एकेक झाकण. कुणी बघत नसताना."

आत्याला हसू आवरेना. एका बाटलीवर तीन मायाळू हात! बिचारी संपणार नाही तर काय करणार? काचेवरचा हिरवा थर कुठून आला ते कळलं.

"शिट्टी, साबण पाण्यात गेला तर आधी कोण मरेल?"

"मासे."

"मासे तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. तुझी कबुली नापास. आता मीठ."

शिट्टीनं मागच्या खोलीत टॉवेलांच्या गठ्ठ्याखालून एक जाड पिशवी ओढून काढली. आत मिठाचे मोठे खडे, अर्ध्याहून अधिक संपलेले.

"हे कुणी आणलं कुणालाच माहीत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "दादांना विचारलं तर ते म्हणाले, मी नाही. म्हणजे आणलं आणि विसरले. एवढं मीठ गेलं कुठं? वहिनींना आणि मला एकच भीती... टाकीत गेलं असेल. आम्ही दोघांनी ठरवलं, कुणाला म्हणून सांगायचं नाही. वहिनींनी आपल्या नवऱ्याला, भाऊंनासुद्धा नाही. ते लगेच दादांना डॉक्टरकडे नेतील, आणि मग वस्तरा कायमचा सुटला म्हणायचा."

आत्या बाहेर आली, टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट लागलं नाही. पिशवीतलं एवढं मीठ या टाकीत गेलं असतं तर गप्पीही असे मिरवत फिरले नसते. पण मीठ तर संपत होतं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

त्याच वेळी दार ढकलून दादांचा मुलगा आत आला. आत्याला बघून हसला, टाकी बघून हसू मावळलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला,

"आत्या, दादांना रागावू नकोस. चूक माझी आहे."

४

हे चिरंजीव म्हणजे एक मुलखाचा अबोल गृहस्थ. पलीकडच्या रस्त्यावरच्या नळ आणि बेसिनच्या दुकानात कामाला. पाइपात कुठं काय अडलंय ते त्याला दुरून कळायचं, पण स्वतःच्या मनात काय अडलंय ते ओठावर यायला दोन दोन महिने लागायचे. गोगलगाय अन् पोटात पाय, असं आत्या त्याला लहानपणापासून म्हणायची.

"टाकीवरचा दिवा मी बंद करायला विसरायचो," तो म्हणाला. "रात्रभर उजेड राहिला की झाडं मरतात म्हणे."

"दिव्याला आपोआप बंद होणारं बटण आहे. तूच बसवलंस ना?"

चिरंजीवांनी डोकं खाजवलं. ही तिसरी कबुली आणि तिसरा नापास. पण आत्याचं लक्ष वेगळीकडेच होतं. खोटं बोलताना सूनबाई बोटं चाळवत होती, शिट्टीची शीळ बंद पडली होती. हा मात्र खोटं बोलताना मध्येच पडद्याच्या फटीतून बायकोच्या हातांकडे बघत होता.

"आत्या," तो जरा लाजत म्हणाला, "तू बऱ्याच दिवसांनी आलीस. तुला इथं काही बदललेलं जाणवतंय का?"

"टाकी मरायला लागलीय."

"ते नाही गं. एकूण. आरसे, नळ, काहीही."

आत्यानं चष्मा पुसून सगळीकडे पाहिलं. "सगळं छान आहे. काय बदललंय?"

"काही नाही," असं म्हणून तो गाल फुगवून निघून गेला. लहानपणी चित्र काढून दाखवायचा आणि लगेच शाबासकी मिळाली नाही की कागद उलटा करून ठेवायचा, तसाच.

आत्या वर घरात गेली. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती शेजारी बसली.

"दादा, टाकीचं पाणी कसं बदलतोस, सांग बघू."

"आता काय उपयोग?"

"सांग तर."

"सुट्टीच्या दिवशी मागच्या बेसिनच्या नळाचं पाणी बादलीत भरतो. उघडं ठेवतो दुसऱ्या दिवसापर्यंत, नळाच्या औषधाचा वास उडून जावा म्हणून. मग टाकीतलं एक तृतीयांश काढतो, बादलीतलं हळूहळू ओततो. हात बुडवून बघतो, आतलं नि बाहेरचं सारखंच कोमट आहे ना. एकही सुट्टी चुकवलेली नाही." दादा उठून बसले. "आणि ओतताना तलवारीच्या मुळाशी ओतायचं नाही, वाळू उडते. ओंडक्यावर ओतायचं."

हे सांगताना त्यांचे हात हवेत बादली धरून होते. हात जरासुद्धा कापत नव्हते. एवढं ज्याला आठवतं तो खताचं एक झाकण विसरतो?

आत्या चहा करायला उठली. स्वयंपाकघरातल्या विजेच्या किटलीचं झाकण उघडलं आणि आत बघून तोंड वाकडं केलं. तळाशी चुन्याची पांढरी खपली, भिंत रंगवल्यासारखी. ही खपली तिच्या ओळखीची होती. या नळाचं पाणीच असं. पण सकाळचा चहा तिनं खाली, सलूनमधल्या किटलीत केला होता. ती किटली आतून आरशासारखी लखलखीत होती.

तिनं वरूनच हाक मारली, "खालची किटली कुणी घासली रे?"

"वहिनींनी," शिट्टी ओरडला.

"शिट्टीनं," सूनबाई ओरडली.

आत्याचा हात झाकणावरच थांबला. मग तिची नजर खिडकीतल्या फर्नच्या कुंडीकडे गेली. मागच्या खेपेला तिनंच दोन कुंड्या आणल्या होत्या, एकाच फर्नचे दोन भाग करून लावलेल्या. एक वर ठेवली, एक खाली सलूनच्या खिडकीत. वरची हिरवीगार फुलली होती. ती धावत खाली गेली. खालच्या फर्नच्या प्रत्येक पानाची कड तपकिरी पडून वाळली होती.

त्या फर्नला तर कुणीच खत घालत नव्हतं.

५

मेलेली गोगलगाय रुमालात बांधून आत्या मासेवाल्याच्या दुकानात पोचली. दुकान म्हणजे काचेच्या टाक्यांची एक गल्ली, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी. मासेवाला संध्याकाळसाठी रिकामी पिंपं धूत होता. दादांचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"त्यांची टाकी न्यायची म्हणजे माझ्या जिवावर आलंय हो. एवढी बाग कुणाकडेच नाही."

आत्यानं रुमाल उघडला. "हिच्याकडे बघा. म्हातारपणानं मेली का?"

त्यानं गोगलगाय तळहातावर घेतली, उजेडात धरली. शंखावर पांढरे खड्डे पडले होते. टोकाकडची बाजू तर कागदासारखी पातळ झाली होती.

"उपाशी मेली. अन्नाला नाही, चुन्याला. शंख चुन्याचा असतो ना? पाण्यात चुना नसेल तर नवा शंख होत नाही, आणि जुना विरघळत जातो."

"पण आपल्या नळाला तर चुनाच चुना."

"तेच मला कळत नाही. नळाचं पाणी जड आहे, म्हणून तर मी दादांना जड पाणी मानवणारीच झाडं दिली. पाणी कुठलं घालणार ते आधी बघायचं आणि मग झाडं निवडायची. लोक उलटं करतात."

"झाडांना कसलं पाणी चांगलं, असं हल्ली कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"बरेच जण विचारतात. बहुतेक झाडांना मऊ पाणी आवडतं, असं मी सांगतो. तसं ते खरंही आहे."

"मऊ?" आत्यानं कान टवकारले. ती जन्मभर मराठी शिकवलेली बाई होती. "मऊ म्हणजे कसं हो?"

मासेवाला सांगायला लागला आणि सांगता सांगता स्वतःच अडखळला. त्याच्या हातातलं पिंप खाली आलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "दादांच्या घरातलेच एक जण आले होते. हेच विचारून गेले. आणि मी आलो होतो ते घरात सांगू नका म्हणाले."

६

संध्याकाळी मासेवाला पिंपं घेऊन आला तेव्हा सलूनचं दार आतून लावलेलं होतं; आत्यानं उघडून त्याला आत घेतलं. दादांना आत्यानं हाताला धरून खाली आणलं होतं. तिघे कबुली देणारे बाकावर ओळीनं बसले होते, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचं टाळत. आत्या त्यांच्यासमोर येरझारा घालू लागली. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"आज माझ्याकडे तीन पेपर आले," ती म्हणाली. "तिघांचं उत्तर एकच: मी मारली. तिघांची कारणं वेगळी आणि तिन्ही चूक. खत म्हणावं, तर झाडं आधी पिवळी पडली आणि सूनबाई नि शिट्टीनं चोरून खत घातलं ते नंतर."

"काय?" दादांनी सुनेकडे पाहिलं. "माझ्या बाटलीतलं?"

"रागावू नका ना," सूनबाई पुटपुटली.

"साबण म्हणावं, तर मासे जिवंत. दिवा म्हणावं, तर त्याला बटण आहे. आणि या तीनही उत्तरांत एक प्रश्न सुटतच नाही. इथल्या खिडकीतल्या फर्नला खत नाही, साबण नाही, दिवा नाही, तरी तो वाळला. त्याची सख्खी बहीण वर मजेत आहे. मग टाकी आणि हा फर्न, दोघांच्या पोटात जाणारी एकच गोष्ट कुठली?"

"पाणी," शिट्टी म्हणाला.

"खालचं पाणी. खालच्या किटलीला खपली धरत नाही आणि ती कुणी घासलेलीही नाही. शिट्टीच्या हातावरचा बुळबुळीतपणा जात नाही. गोगलगायीचा शंख विरघळला. सूनबाई, तुझे हात बरे झाले. खालच्या पाण्यातला चुना कुणीतरी काढून घेतलाय, आणि त्या कामाला मीठ लागतंय." ती चिरंजीवांसमोर थांबली. "सलूनचं पाणी जिथून आत येतं ते मागच्या बोळातलं मीटरचं कपाट उघड रे बाळा. की मी उघडू?"

चिरंजीवांच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आलं ते भलतंच. त्याचा चेहरा आनंदानं फुलला.

"कळलं तुला? शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं!" तो उठलाच. "आत्या, दुकानातून मशीन आणलं, पाणी मऊ करायचं. एका सुट्टीला दादा वर झोपले होते तेव्हा खालच्या पाइपाला बसवलं. हिच्या हातांना रक्त यायचं, बघवत नव्हतं. आणि मासेवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले झाडांनाही मऊ पाणीच आवडतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, बघू कोण ओळखतं. एकानंही ओळखलं नाही. ही उठता बसता त्या मलमाचं कौतुक करते!"

"अहो!" सूनबाईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे ते मलम नव्हतं?"

"आणि मीठ?" शिट्टीनं विचारलं.

"मशीनचं. त्याला लागतं. टॉवेलांखाली ठेवलं, लपवायला." मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच टाळ्या वाजवत नाहीये. त्यानं टाकीकडे पाहिलं, तिथून आत्याकडे. "पण... मऊच तर आवडतं ना झाडांना?"

"शब्द एक, अर्थ दोन," आत्या म्हणाली. "याला श्लेष म्हणतात. कवितेत गोड लागतो, टाकीत नाही. सांगा हो तुम्ही."

मासेवाला मान खाली घालून बोलला. "मऊ असलेलं पाणी वेगळं आणि मऊ केलेलं वेगळं. पावसाच्या पाण्यात चुना मुळातच नसतो, ते मऊ. तुमचं मशीन चुना काढतं आणि त्याच्या जागी मिठातला क्षार सोडतं. चवीला कळत नाही, हाताला बरं वाटतं, पण झाडांना नि शंखांना ते उपासाचं पाणी. त्यातून ही झाडं जड पाण्यावर पोसलेली. मी नुसतं 'मऊ' म्हणून मोकळा झालो, चूक माझीही आहे."

"चौथी कबुली," आत्या म्हणाली. "पण ही पास."

चिरंजीव मटकन बाकावर बसला. "म्हणजे खरंच मीच मारली?"

"तू पाणी बदललंस. टाकीत ते गेलं दुसऱ्याच्या हातानं." आत्या भावाकडे वळली, आणि आता तिचा परीक्षेच्या हॉलमधला आवाज राहिला नाही. "दादा, ऐक. ते पाणी बादली बादलीनं टाकीत कुणी घातलं? तू. दर सुट्टीला, एक तृतीयांश, न चुकता. तू एखादी सुट्टी विसरला असतास, दोन विसरला असतास, तर ही झाडं एवढी खंगली नसती. तू काहीच विसरला नाहीस, म्हणून ती मेली. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही रे. या घरात तुझ्याइतकं पक्कं डोकं दुसऱ्या कुणाचं नाही."

७

दादा टाकीजवळ गेले, काचेवर बोट टेकवलं. गप्पी त्या बोटाशी गोळा झाले.

"तिघांनी कबुली दिली," ते अखेर म्हणाले.

"हो."

"मला वाचवायला."

दादांनी बोट काचेवरून काढलं.

"म्हणजे तिघांनाही वाटलं की मीच केलंय. माझं डोकं गेलंय."

सगळं कोडं सोडवताना हे आत्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलली ती सूनबाईच.

"वाटलं, दादा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "खोटं कशाला बोलू? मला फार भीती वाटली. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर काय करायचं, हेच कळत नव्हतं."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत.

"मलाही वाटलंच की तसं," ते म्हणाले. "मी तरी कुणाला विचारलं? एकदा नुसतं म्हटलं असतं, की बाबांनो, बाटली लवकर का संपतेय, तर तिथंच संपलं असतं सगळं." त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "मशीन राहू दे. हिचे हात बरे झाले, ते मला टाकीहून जास्त. टाकीला वरच्या नळाचं पाणी आणू."

"मी आणेन," चिरंजीव म्हणाला. "दर सुट्टीला, बादल्या मी आणेन."

"आणशीलच. जाशील कुठं?" दादा तलवारीजवळ वाकले. कुजक्या पानांच्या मधून मूळ अजून घट्ट आणि हिरवट होतं. "ही येईल वर. गवत पुन्हा लावावं लागेल. काय हो, गोगलगायी आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत की!" मासेवाल्यानं रिकामी पिंपं पायानं कोपऱ्यात सारली.

दादांनी सुनेपुढे हात केला. तिनं डोळे पुसत कपाटातून डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वस्तरा बाहेर काढला, उजेडात धरला, चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी फिरवला. तो सपसप आवाज ऐकून शिट्टीची शीळ आपोआप सुरू झाली.

"आज हात दिवसभर रिकामा आहे," दादा म्हणाले, कुणाकडेच न बघता. "कुणाची दाढी करायचीय का?"

हे त्यांनी सहज विचारलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळलं. चिरंजीव, शिट्टी आणि मासेवाला तिघे एकदमच उठले. मासेवाला बाकाला अडखळला. शिट्टीनं सकाळीच तुळतुळीत दाढी केलेली होती, तरी तो कोपरानं वाट काढत खुर्चीपर्यंत पोचला. पण चिरंजीव आधी बसला होता. त्यानं मान मागे टाकली, गळा उघडा केला आणि डोळे मिटून घेतले. बाकीचे दोघे हट्टानं त्याच्या मागे रांग लावून उभे राहिले.

सूनबाई रडता रडता हसायला लागली. दादांनी मुलाच्या गालांना फेस लावला आणि वस्तरा टेकवला. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून ती रांग बघत बसली, आणि आपल्याला दाढी नाही याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.